उशिराचं कारण

१२ जुलै

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद. सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणणं शोभत नाही, पण तुझं शाळेतलं नाव माझ्या हाताला वळत नाही. तेव्हा चालवून घे.

तुझी आई परवा येऊन गेली. म्हणाली, हॉस्टेलवर तुझं मन लागत नाही, मामाने चार ओळी लिहिल्या तर बरं वाटेल. फोन करून उपयोग नाही हे तिला ठाऊक आहे. एकतीस वर्षं बस डेपोच्या खिडकीत बसून गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, तेवढ्यात इंजिनांनी माझे कान खाल्ले. समोरच्याचे ओठ दिसले तर काम भागतं. फोनला ओठ नसतात, म्हणून हा कागद.

मन लागत नाही याला औषध नाही. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, माझंही घरात लागत नाही. दिवसभरात माझ्याशी बोलतो तो एकटा दूधवाला, आणि तोही फक्त ‘उद्या येणार नाही’ एवढंच सांगायला. दुपारी मी मुद्दाम पोस्टाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. रांगेत माणसं असतात.

एक नवा उद्योग मात्र मागे लागलाय. आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई तुला आठवत असतील, चष्म्याला साखळी लावणाऱ्या. गेल्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की दहावीतली एक मुलगी रोज संध्याकाळी दोन तास मागच्या कपाटांमध्ये उभी असते, हातातल्या पुस्तकाचं पान न उलटता. विचारल्यावर कळलं, तिचा तो ‘मित्र’ बाहेर थांबलेला असतो. वाचनालयात शिरायचा त्याला कंटाळा, म्हणून ही आत. पुढे तिने शाळाच सोडली. तेव्हापासून बाई, शाळेच्या नर्सबाई आणि फुटबॉल शिकवणारे सर अशी तिघं मिळून दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पोरापोरींना बोलावतात. विषय काय, तर प्रेमात पडल्यावर माणसाने कसं वागावं. मी म्हटलं, बाई, हे शिकवायचं असतं होय? त्या म्हणाल्या, सायकल शिकवतोच ना आपण.

मला बोलावलंय ते कुलूप उघडायला आणि हजेरी घ्यायला. पहिल्या दिवशी मी रीतसर चार रकाने आखले. नाव, यायची वेळ, जायची वेळ, उशिराचं कारण. बाईंनी पुढचे तीन रकाने लाल पेनाने खोडले आणि म्हणाल्या, कोण आलं तेवढं पुरे. डेपोत असतो तर मी त्यांच्यावर शेरा मारला असता.

जेवणाची आबाळ करू नकोस. पत्र लिही, मला वेळच वेळ आहे.

मामा

२ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा खोलीतल्या तिघांनी ते पाळीपाळीने हातात घेऊन बघितलं. माणसाला पत्र येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. तिघं एकाच शाळेतून आलेत. त्यांच्या हसण्याची कारणं तीन वर्षांपूर्वीची असतात. त्यांच्यात मी म्हणजे लग्नातला फोटोग्राफर, सगळ्या फोटोंना हजर आणि एकातही नाही. माझी कॉट दाराशी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यावर आपली पिशवी ठेवतो.

वर्गात सध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उघडायला शिकवतायत. ते बरं चाललंय. मशिनचं कुठे अडलं ते मला लगेच कळतं.

आता एक गोष्ट सांगतो, आईला सांगू नकोस. नकाशे काढायच्या वर्गात एक मुलगी आहे. पाठीला लांब नळी अडकवून फिरते, त्यात कागद गुंडाळलेले. कँटीनमध्ये माझ्या वहीत डोकावून म्हणाली, तुझी आकृती चुकलीय, बाण उलटा आहे. खरंच उलटा होता. त्या दिवसापासून रोज बोलतो. मामा, इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तू काल का गप्प होतास.

मला वाटतं मी तुझ्यावर गेलोय. आई नेहमी सांगते ना, तुझ्या मामासारखं प्रेम कुणी केलं नाही, मामी निघून गेली तर तिच्या बहिणीच्या दारात तीन दिवस उभा राहिला उन्हात, आणि त्या बाईने खिडकीसुद्धा उघडली नाही. मलापण काही अर्धवट करता येत नाही.

तुझा
टिल्लू

११ ऑगस्ट

चि. टिल्लू,

पत्र तीनदा वाचलं. उलट्या बाणाची गोष्ट आवडली. चूक दाखवणारी माणसं नशिबाने भेटतात. मी आईला सांगणार नाही, पण तिला वासावरून कळतं हे लक्षात ठेव.

त्या तीन दिवसांचं जाऊ दे. तुझ्या आईला गोष्टीला तिखटमीठ लावायची सवय आहे. जुनं झालं ते.

शनिवारचं ऐक. हॉलमध्ये आता सराव असतो. समोरासमोर दोन खुर्च्या मांडतात. एकाने अवघड वाक्य बोलायचं. ‘माझा फोन मी दाखवणार नाही.’ ‘मला आज भेटायचं नाही.’ दुसऱ्याने ते नुसतं ऐकायचं. तोंड वाकडं करायचं नाही, रुसायचं नाही, ‘का’ एकदाच विचारायचं. पोरं लाजतात, फिदीफिदी हसतात. मग एका मुलीला युक्ती सुचली. म्हणाली, आधी मी आजोबांना म्हणून बघते, त्यांना कुठे ऐकू येतंय. तेव्हापासून मी बढती मिळून दुसऱ्या खुर्चीवर आलोय. एकेक जण येतो, माझ्यासमोर बसतो आणि मला नाही म्हणतो. गेल्या शनिवारी अकरा जणांनी मला नाही म्हटलं. ओठ मला वाचता येतात हे त्यांच्या गावीही नाही आणि मी सांगतही नाही. सांगितलं तर खुर्ची जाईल.

हसू येतं, पण घरी आल्यावर जरा जड वाटतं. का ते कळत नाही.

मामा

७ सप्टेंबर

प्रिय मामा,

उशीर झाला, सॉरी. वेळच मिळत नाही. सकाळी ती बसमध्ये चढली की मला कळवते, उतरली की कळवते. दुपारी आम्ही एकत्र जेवतो. संध्याकाळी ती साडेपाचला सुटते आणि सहा दहाला घरी पोचली पाहिजे. एकदा पावणेसात झाले. म्हणाली, मैत्रिणीबरोबर कागद आणायला गेले होते. कागदाचं दुकान तर रस्त्यातच आहे, मग पस्तीस मिनिटं कशी? आता तिचा फोन माझ्या फोनला जोडून घेतलाय, ती कुठे आहे ते नकाशावर दिसतं. त्यामुळे भांडणच होत नाही.

तू हसशील, पण मी एक डायरी घातलीय. तुझ्यासारखे चार रकाने. निघायची वेळ, पोचायची वेळ, किती उशीर, कारण. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी गाड्यांच्या वेळा लिहायचो ना, तशी. गंमत म्हणून सुरू केली. तिला दाखवली तेव्हा ती हसली. आता हसत नाही, पण कारण सांगते.

तिच्या त्या दोन मैत्रिणी मला पसंत नव्हत्या. सारखं तिच्या कानाशी लागायच्या. मी तिला ‘बोलू नकोस’ असं एकदाही म्हटलं नाही हां. मी फक्त दोन दिवस जेवलो नाही. तिला कळलं तशी डबा घेऊन धावत आली, रडली, आणि तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाही. एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं.

खोलीतले तिघं आता मला हसले तरी काही वाटत नाही.

टिल्लू

१५ सप्टेंबर

चि. टिल्लू,

ती डायरी बंद कर. फोन जोडलाय तो सोडव. आणि दोन्ही वेळा जेव.

मी वडीलकीच्या नात्याने सांगतोय. कारण विचारू नकोस. डेपोतला रकाना डेपोत ठीक असतो. गाडीला मन नसतं.

शनिवारी एक नवीन मुलगी आली होती, अकरावीतली, नखं पार मुळापर्यंत खाल्लेली. माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, ‘तू जेवला नाहीस तर तो माझा दोष नाही.’ एवढंच. पुन्हा म्हणाली. चार वेळा म्हणाली, चौथ्यांदा आवाज थरथरला नसावा, कारण ओठ नीट हलले. मग उठून नर्सबाईंना बिलगली. मी हजेरीची वही घेऊन खाली आलो आणि पुस्तकांच्या कपाटांमध्ये जाऊन उभा राहिलो. ग्रंथपालबाई शोधत आल्या. मी त्यांना म्हटलं, वर उकडत होतं.

नकाशेवाल्या मुलीला तिच्या मैत्रिणींशी बोलू दे. माणसाला माणसं लागतात. तुला लागतात, मला लागतात, मग तिला का नकोत?

मला लगेच लिही.

मामा

२० ऑक्टोबर

मामा,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण तू कारण दिलं नव्हतंस. आईसुद्धा असंच करते, हे करू नकोस, का ते विचारू नकोस. आता तुझ्याशी भांडायला वेळ नाही. माझं तुझ्याकडे काम आहे.

ती गेली. आठ दिवस झाले. आदल्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं होतं की सव्वा तास कुठे होतीस, तर तिने माझी डायरी घेतली आणि कँटीनच्या बादलीत टाकली, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवसापासून वर्गात नाही. फोन लागत नाही, नकाशावरही ती दिसत नाही. घरी गेलो तर तिच्या आईने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, ती इथे नाही, तू इथे येऊ नकोस. मी रोज जातो. कोपऱ्यावर थांबतो. काहीच करत नाही, नुसता उभा राहतो. तुला तर माहीतच आहे ते कसं असतं.

तिच्या वर्गातल्या एकाकडून काढून घेतलं की ती शनिवारी सकाळी सात-वीसच्या गाडीने गेली, तुमच्या बाजूला. त्या रस्त्यावर चौदा थांबे आहेत आणि गाडी तुझ्याच डेपोत जाऊन थांबते. तूच सांगायचास की वाहकाच्या तक्त्यावर सगळं असतं, कुठल्या थांब्याची किती तिकिटं फाडली ते. तुझी तिथे ओळख आहे. पाठीला नळी लावलेली मुलगी कोणीही विसरणार नाही. ती कुठे उतरली एवढंच विचार. पुढचं मी बघतो.

मामा, मला झोप नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? हे तुलाच कळेल.

टिल्लू

२३ ऑक्टोबर

टिल्लू,

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी मी डेपोत गेलो.

हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं उंटावरच्या शहाण्याचं बोलणं वाटेल. मी गेलो आणि आनंदाने गेलो. दोन वर्षांत कुणाचं माझ्याकडे काम पडलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्या खिडकीत आता एक तरुण बाई बसतात. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, त्या शनिवारच्या सात-वीसच्या गाडीचा तक्ता काढून समोर ठेवला. वाहक माझ्या हाताखाली तयार झालेला, तोही तिथेच होता. म्हणाला, विचारा साहेब, काय विचारायचंय.

मी म्हटलं, तब्येत कशी आहे तुझी. आणि उठलो. तक्ता वाचला नाही. चहाही अर्धा राहिला.

आता कारण. मागच्या पत्रात ते दिलं नाही, भ्यालो म्हणून दिलं नाही. तू एकटाच मला पत्र लिहितोस, ते बंद होईल अशी भीती वाटली.

तुझी मामी एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. सहाला घरी यायची. कधी साडेसहा व्हायचे. मी वही घातली. निघायची वेळ, पोचायची वेळ, किती उशीर, कारण. डेपोत उशीर झाला की ड्रायव्हर सही करतो, तशी तिच्याकडून रोज सही घ्यायचो. तीही पहिल्यांदा हसली होती. अशा चार वह्या भरल्या. शेवटच्या वहीत कारणाच्या रकान्यात ती काहीच लिहायची नाही, नुसती सही. तिची भावंडं घरी यायची बंद झाली, कारण ती आली की मी जेवायचो नाही. मी कधी हात उचलला नाही. इतकी वर्षं हे मी स्वतःला शाबासकीसारखं सांगत आलो.

एके सकाळी ती गेली. मी आमच्याच डेपोतले तक्ते काढले, वाहकाला विचारलं, तिच्या बहिणीच्या गावी उतरल्याचं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. तीन दिवस उभा होतो, हे तुझी आई सांगते ते खरं आहे. ती फक्त रस्त्याच्या अलीकडून सांगते. पलीकडचं ऐक. त्या घरातली दोन मुलं तीन दिवस शाळेत गेली नाहीत. दप्तर घेऊन दारापर्यंत यायची, मला बघायची आणि मागे फिरायची. घरातले दिवे संध्याकाळीही लागले नाहीत. मी हे सगळं बघत होतो. मला वाटलं, माझ्या प्रेमाचा परिणाम होतोय.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मामी बाहेर आली. तुझ्या आईला मी सांगितलं की तिने खिडकीसुद्धा उघडली नाही, ते खोटं. ती फाटकाशी आली, आणि साहेबासमोर उभं राहतात तशी उभी राहिली. म्हणाली, ‘तुम्ही इथून जावं म्हणून मी काय करू ते एकदा सांगून टाका. मी करते.’ तेव्हा माझे कान चांगले होते, मला नीट ऐकू आलं. मी म्हटलं, घरी चल. तर ती बॅग आणायला आत वळली. टिल्लू, ती यायला निघाली होती. मुलांची शाळा बुडत होती म्हणून. आणि मला काय वाटलं सांगू? मला जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तिच्या बहिणीने तिला आत ओढलं आणि दार लावलं. साडूने माझा दंड धरला आणि स्टँडवर आणून सोडलं. ती पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही. माहीत नाही हेच बरं आहे.

शनिवारी माझ्यासमोर बसून ज्या मुली नाही म्हणतात, त्या प्रत्येकीत ती दिसते. सरावाला खुर्ची नव्हती तिच्याकडे.

तू लहानपणी माझ्या मांडीवर रकाने आखायला शिकलास. आडात जे होतं तेच पोहऱ्यात आलं, तुला एकट्याला काय बोलू? तू मुळात चांगला मुलगा आहेस असं लिहिणार होतो. पण माझ्याबद्दलही सगळे तेच म्हणायचे.

त्या कोपऱ्यावर उभा राहू नकोस. तिला शोधू नकोस. तू एकटा पडलायस ते मला कळतं, माझ्याइतकं कुणाला कळणार? पण त्याचं ओझं तिने वाहायचं नाही. तुमच्या संस्थेत मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशक बाई आहेत असं तुझी आई म्हणाली होती. त्यांच्याकडे जा. हवं तर मी येतो, बाहेर बाकावर बसतो.

मामा

२८ ऑक्टोबर

मामा,

खरं काय आणि खोटं काय, मला कळेना झालंय. सतरा वर्षं एक गोष्ट ऐकली आणि आता तू म्हणतोस ती खोटी. कशावरून तू हे आत्ता बनवलं नाहीस, मी सोडून द्यावं म्हणून? आणि खरं असेल तर तू भित्रा आहेस. मामीच्या बहिणीने दार लावलं आणि तू घरी आलास. मी येणार नाही.

तू विचारणार नसशील तर नको विचारूस. तीन तारखेपासून सुट्टी आहे. चौदाच थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर उतरेन, दुकानात विचारेन, फोटो आहे माझ्याकडे. एकदा समोर येऊ दे, मग बघतो कशी नाही म्हणते.

समुपदेशक वगैरे वेड्यांसाठी असतं.

टिल्लू

३० ऑक्टोबर

टिल्लू,

तुझी दोन्ही पत्रं, वीस तारखेची आणि अठ्ठावीसची, मी आज तुमच्या संस्थेच्या मुख्य बाईंना नेऊन दिली. सकाळच्या गाडीने गेलो होतो. ग्रंथपालबाई बरोबर होत्या, कारण नुसत्या ओठांवरून सगळं कळेल याचा मला भरवसा नव्हता. मुख्य बाईंनी त्या मुलीच्या आईला माझ्यासमोर फोन केला, आणि तीन तारखेच्या आत हॉस्टेलवर तुझ्याशी बोलतील.

परतताना तुझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी थांबलोय. आत येत नाही. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र पहारेकऱ्याकडे देतोय.

चिडशील. चीड. पण तिला त्या चौदा थांब्यांपैकी एका ठिकाणी तरी निर्धास्त दुकानात जाता आलं पाहिजे.

मामा

९ नोव्हेंबर

ती. मामा,

मला हॉस्टेलमधून काढलं आहे. संस्थेत यायची परवानगी आहे, पण आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे जाण्याच्या अटीवर. तिच्या घराच्या रस्त्याला जायचं नाही असं लिहून घेतलं आहे. आईला बोलावलं होतं. ती त्यांच्यासमोर रडली. खोलीतल्या तिघांनी माझं सामान जिन्यात आणून ठेवलं, आणि एकानेही हात लावला नसता तर बरं झालं असतं.

मी जगात एकाच माणसाला सगळं लिहीत होतो. तुम्ही ती पत्रं उचलून देऊन टाकली.

यापुढे मला पत्र लिहू नका.

तुमचा भाचा

३ मार्च

मामा,

तू चार महिने लिहिलं नाहीस. पहिले काही दिवस मला वाटायचं तू लिहिशीलच, आणि मी फाडून टाकेन. नंतर पोस्टमन दिसला की राग यायचा.

आई सांगत होती, तू जानेवारीत घरी येऊन तिला मामीचं सगळं सांगितलंस.  दोन दिवसांनी ती एकदम म्हणाली, मी त्या बाईला इतकी वर्षं नावं ठेवली, आता कुठल्या तोंडाने माफी मागू आणि कुठे जाऊन. तुझ्याशीही बोलणार नाही म्हणते. बोलेल. तिला वेळ लागतो.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर कुणीतरी घंटी वाजवून बघत असतं. मंगळवारी समुपदेशक बाईंकडे जातो. आम्ही पाच मुलं आहोत. पहिला दीड महिना मी एक शब्द बोललो नाही. मग एकाने सांगितलं की तो तिच्या दारात रात्रभर बसायचा आणि त्याला वाटायचं यालाच प्रेम म्हणतात, आणि बाकीच्या तिघांनी मान हलवली. मग मीही हलवली. बाई म्हणतात, लाज वाटली एवढ्यावर थांबायचं नाही. तिथून पुढे काय करायचं ते अजून त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक मलाच शोधायचंय.

तुझ्यावरचा राग गेला नाही. तू मला खूप उशिरा सांगितलंस. मी सातवीत असताना सांगायला हवं होतंस, निदान माझ्या डायरीचं कळलं तेव्हा तरी. पण त्या आठवड्यात मी खरंच गेलो असतो, मामा. पिशवी भरलेली होती. हे मी बाईंनाही सांगितलेलं नाही.

ती जानेवारीत परत आली. संस्थेने आमचे जिने वेगळे केलेत. तिला पुढचा, मला मागचा. लांबून दिसली तरी मी वळतो. तिच्या त्या दोन मैत्रिणी आता कायम तिच्याबरोबर असतात. काल मागचा जिना रंगवायला बंद होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढच्या जिन्याने चढत होतो आणि वळणावर ती समोरून उतरत आली. एकटी. ती थांबली. माझ्याकडे चार महिने घोटून ठेवलेलं एक वाक्य होतं, चांगलं होतं, त्यात माफीपण होती. मी ते बोललो नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि माझ्या बुटांकडे बघत बसलो. फार वेळ गेल्यासारखा वाटला. मग ती माझ्यासमोरून गेली.

हे कुणाला तरी सांगायचं होतं. खोलीत कुणी नाही. बाई म्हणतील, ठीक आहे, पुढे. आईला कळणार नाही. म्हणून तुला लिहितोय, दुसरं काही समजू नकोस.

ती पळाली नाही, मामा. एकेक पायरी करत, चालत खाली गेली.

टिल्लू